लागोपाठ तीन बैठका

वर्तमानपत्रात आलेल्या त्या फोटोत माझं फक्त कोपर आहे. कोपर आणि मनगटावरचं घड्याळ. निवृत्तीच्या दिवशी शाळेनं दिलेलं घड्याळ आहे ते, त्यामुळे कोपर माझंच याबद्दल शंका नाही. फोटोच्या मधोमध बसंतीबाई आडे आणि तिच्या बाजूला आमच्या पक्षाच्या जिल्हाध्यक्ष ताई, दोघी एकाच ताटातली भाकर मोडताना. खाली लिहिलं होतं, 'तांड्यावरच्या कार्यकर्तीकडे जिल्हाध्यक्षांचे जेवण'. ते जेवण ठरवलं मी, गाडी सांगितली मी, भाकरीसोबत ठेचा हवाच हे बसंतीबाईला बजावलं तेही मीच.

ते पान मी कापून ठेवलं नाही आणि फेकलंही नाही. रद्दीत सगळ्यात खाली घातलं. मग दर दोन-तीन दिवसांनी मी रद्दी नीट लावायला बसू लागले. माझे यजमान भगवानराव एकदा म्हणाले, "इतकी साफ रद्दी तं रद्दीवाल्याकडं बी नसते."

मी विमल भगवानराव गावंडे. बोरी अरबला राहते. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवलं. नोकरी संपल्यावर पक्षाच्या महिला आघाडीत आले आणि गेली सहा वर्षं तालुकाध्यक्ष आहे. कार्यकारिणीत अध्यक्ष धरून अकरा जणी. अध्यक्ष म्हटलं की लोकांना हार-तुरे दिसतात. खरं काम म्हणजे बैठक बोलावणे, सतरंजी कोणाची हे ठरवणे आणि रजिस्टर सांभाळणे. एक अधिकार मात्र अध्यक्षाला असा आहे, की जो फक्त तिचा एकटीचा. पक्षाच्या नियमावलीत लिहिलं आहे, की जी सदस्य न कळवता लागोपाठ तीन बैठकांना येणार नाही तिला अध्यक्ष कमी करू शकते. त्याला मतदान लागत नाही. एक पत्र, एक सही, एक शिक्का. त्या पत्राची प्रत जिल्ह्याला पोचली की विषय संपला. त्याआधी अध्यक्षाला पत्र मागे घेता येतं, पण त्याचं कारण बैठकीत वाचून रजिस्टरमध्ये लिहावं लागतं.

सहा वर्षांत मी तो अधिकार कधी वापरला नव्हता. नियमावलीचं ते पान कोणतं, हेही मला माहीत नव्हतं. फोटो आल्यावर मी ते शोधून काढलं.

बसंतीबाईला कार्यकारिणीत मीच आणलं होतं. बोरीपासून तीन किलोमीटरवर, नाल्याच्या पलीकडे तिचा बंजारा तांडा. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान असेल. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. रजिस्टरमध्ये अंगठा बरा दिसणार नाही म्हणून मी तिला सही शिकवली. महिनाभर ती बाजाराच्या दिवशी माझ्याकडे यायची, भाजीची पिशवी दाराशी ठेवायची आणि पाटी घेऊन बसायची. तिचा 'ब' पहिल्यापासून तिच्या त्या पिशवीसारखाच, खाली फुगलेला. पण महिन्यानं 'बसंतीबाई' एवढं नाव तिनं एका दमात लिहिलं आणि पाटी डोक्यावर धरून घरभर फिरली. बाकीच्या सदस्य मला ताई म्हणतात. बसंतीबाई तेव्हापासून बाई म्हणते, शाळेतली मुलं म्हणतात तसं. मला ते फार आवडायचं.

मग दारव्ह्याला महिला मेळावा झाला. मी आठ दिवस भाषण लिहिलं होतं, चौदा मिनिटांचं. सहाव्या मिनिटाला पुढच्या रांगेत शेंगदाण्याची टरफलं वाजू लागली. माझ्यानंतर वेळ उरला म्हणून बसंतीबाईला उभं केलं. ती माईक धरून म्हणाली, की आमच्या तांड्यात नळ आला, टाकी आली, टाकीवर पुढाऱ्याचा फोटोबी लागला, आता पाणी तेवढं सोडा, मंग आमी फोटो धुतो. दोन मिनिटांत बसली. मंडप हसत होता. जिल्हाध्यक्ष ताई मला म्हणाल्या, "ही कोण? हिच्या घरी जाऊ एकदा." आणि तो फोटो निघाला.

तेवढ्यावर थांबलं असतं, पण जिल्हा परिषदेच्या निवडणुकीचं वारं सुरू झालं. आमचा गट बाईसाठी सुटला. तालुक्यातून नावं पाठवायची ती कार्यकारिणीतल्या बायकांचीच, असा पक्षाचा नियम. माझं नाव पहिलं जाणार हे मी मनात कधीचं ठरवून ठेवलं होतं. एका बैठकीनंतर चहा पिताना आमची सचिव विजयमाला सहज म्हणाली, "यावेळी बसंतीबाईलेच द्याव काय? तांड्याचे मतं बी येतीन." बाकीच्या जणींनी हो-हो केलं. बसंतीबाई कपबशा गोळा करत होती. ती हसली आणि म्हणाली, "कायले गम्मत करता." पण मी तिचा चेहरा पाहिला. तिला ती गंमत वाटली नव्हती. तिच्या डोळ्यांत ते तिकीट दिसत होतं, जसं माझ्या डोळ्यांत होतं.

आता मी जे केलं ते सांगते.

बैठकीची सूचना विजयमाला मोबाईलच्या ग्रुपवर टाकते. बसंतीबाईकडे बटनांचा साधा फोन. तिचा मुलगा शाम आणि सून दिवाळीनंतर ऊसतोडीला कोल्हापूरकडे जातात, घरी ती आणि दुसरीतली नात राखी. त्यामुळे बैठकीच्या आदल्या संध्याकाळी बसंतीबाईला फोन मी करायचा, ही सहा वर्षांची पद्धत. मी विसरत नाही हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून दुसरं कोणी करत नाही.

नोव्हेंबरच्या बैठकीला मी खरंच विसरले. घरी पाहुणे होते. बैठकीत तिची जागा रिकामी दिसली तेव्हा आठवलं. संध्याकाळी फोन करून चुकलं म्हणावं असं मनात आलं आणि मी तो केला नाही. त्या बैठकीत सगळ्या जणी माझ्याकडे बघून बोलत होत्या. फार दिवसांनी असं झालं होतं.

डिसेंबरच्या बैठकीला मी विसरले नाही. फोन हातात घेतला, तिचं नाव काढलं आणि फोन टेबलावर ठेवला.

जानेवारीच्या बैठकीच्या आदल्या संध्याकाळी तिचाच मिस कॉल आला. मिस कॉल म्हणजे मला फोन करा; तिच्या फोनमध्ये बॅलन्स नसतो. मी फोन उलटा करून ठेवला. दुसऱ्या दिवशी विजयमालानं विचारलं, "बसंतीबाईले सांगतलं ना ताई?"

"सांगितलं," मी म्हटलं.

त्यानंतर चार दिवसांनी मी बोरीच्या कॉम्प्युटरच्या दुकानात बसून पत्र टाइप करवून घेतलं. सही केली, शिक्का मारला आणि स्पीड पोस्टानं पाठवलं. प्रत माझ्या पिशवीत ठेवली. सोमवारी नावं ठरवायची खास बैठक होती, तिथून यादीबरोबर ती यवतमाळला न्यायची होती. घरी आल्यावर भगवानरावांना सांगितलं, की बसंतीबाई तीन बैठकांना आली नाही, नियम म्हणजे नियम.

त्यांनी चष्मा काढला. "शाळेत पोरगं तीन दिवस नाही दिसलं का तू तांड्यावर जात होती, विमल. चपला तुटल्या तुह्या त्या नाल्यात."

 शाळेची गोष्ट वेगळी असते, असं मनाशी म्हटलं. चौतीस वर्षांत मी हजेरीतून एकाही मुलाचं नाव खोडलं नव्हतं. पण शाळेत माझ्या जागेवर कोणी डोळा ठेवला नव्हता.

शनिवारी आणि रविवारी दुपारी चारला माझ्या ओसरीवर मुलं वाचायला येतात. दहा-बारा असतात. पाटी, पुस्तक, जुनी वर्तमानपत्रं, किराणा दुकानातल्या पुड्यांचे कागद, जे मिळेल ते वाचायचं. तिथे एकच नियम आहे. वाचणाऱ्याला मधात कोणी थांबवायचं नाही. अडला तर तीनदा प्रयत्न करू द्यायचा, तरी नाही जमलं तर मी सांगायचं. घाई कोणालाच नाही. त्या मुलांमध्ये दसऱ्यापासून राखी येत होती. बसंतीबाईनंच विचारलं होतं, की पोरगीले घ्याल काय बाई. पोर हुशार. जोडाक्षर दिसलं की आधी त्याच्याकडे डोळे बारीक करून बघते आणि मग सरळ अंगावर जाते. आजीचा कितीही हेवा वाटला तरी राखी दारात दिसली की माझा जीव सुपाएवढा व्हायचा.

त्या शनिवारी राखीसोबत बसंतीबाई आली. हातात तुरीच्या ओल्या शेंगांची पिशवी. ती माझ्यापुढे ठेवून मुलांच्या मागे भिंतीला टेकून बसली. मग पदराच्या गाठीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला लिफाफा काढला. तो उघडलेला नव्हता.

"पोस्टमन आलता," ती म्हणाली. "म्हने, इथं अंगठा दे. मी म्हनलं, अंगठा कायले, सही घे. केली सही, बाई. पाहतच राह्यला तो."

सही तिनं मी शिकवलेली केली होती, आणि ती करून माझंच पत्र घेतलं होतं.

"पक्षाचा शिक्का हाय वरतं," ती पुढे म्हणाली. "तांड्यात म्हनतात तिकिटाचं असन. मी कोनाले फोडू नाही देल्लं. म्हनलं, बाईच्या समोर राखी वाचन. तुमी शिकवली, तुमीच आयका."

मी हात पुढे केला. "दे इकडे. मुलांचा वर्ग सुरू आहे. मी वाचून सांगते नंतर."

"पाचच मिनिटं, बाई." आणि तिनं लिफाफा राखीच्या हातात दिलाही होता. राखीनं तो कडेनं नीट फाडला, कागद उघडला, आणि मी शिकवलं तसं उभं राहून, दोन्ही हातांनी धरून वाचायला सुरुवात केली.

"प्रति, श्रीमती बसंतीबाई आडे."

बसंतीबाई मुलांकडे बघून हसली.

"राखी, थांब," मी म्हटलं.

समोर बसलेली निकिता, चौथीतली, मान वर करून म्हणाली, "बाई, मधात थांबवाचं नसते. तुमीच सांगता."

सगळी मुलं माझ्याकडे बघू लागली. 

राखी वाचत होती. "आपण तालुका कार्यकारिणीच्या ला-गो-पा-ठ तीन बैठकांना पूर्व, पूर्वसूचना न देता अ-नु, अनुप, अनुप..." ती थांबली. परत गेली. दुसऱ्यांदा अडली. तिसऱ्यांदा तिनं डोळे बारीक केले आणि म्हणाली, "अनुपस्थित." मग वर बघून विचारलं, "बाई, अनुपस्थित म्हणजे?"

"गैरहजर," मी म्हटलं. इतक्या वर्षांची सवय. मुलानं अर्थ विचारला की तोंडातून निघतोच.

"कोन गैरहजर?"

 राखीनं वाट पाहिली आणि पुढे निघाली. "अनुपस्थित राहिल्यामुळे, नियमावलीतील अधिकारानुसार, आपणांस सदस्यपदावरून या पत्राद्वारे कमी करण्यात येत आहे." खाली आली. "विमल भगवानराव गावंडे. तालुकाध्यक्ष." तिनं कागद खाली घेतला. "बाई, हे तं तुमचं नाव हाय."

 बसंतीबाईचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं. ते काढून ठेवायला तिला वेळ लागला.

"ते तीनचं परत वाच, माय," ती राखीला म्हणाली. राखीनं परत वाचलं. बसंतीबाईनं बोटं मोजली. मग मला विचारलं, "तीन बैठकी झाल्या? कवा झाल्या?"

"नोव्हेंबर, डिसेंबर, आणि आता."

"तुमचा फोन नाही आला, बाई. मी म्हनलं, कापसाचा सिझन हाय, साऱ्याजनी वावरात असतीन, बैठकी बंद असन." थोडं थांबून म्हणाली, "एक डाव मिस कॉल बी देल्लता मी."

रेंज नव्हती, हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. समोर बारा मुलं होती. खोटं बोललेलं मला चालत नाही हे त्यांना माहीत होतं. पेन्सिल हरवली की घरी विसरली, एवढ्यावरूनही मी त्यांना विचारत बसते.

"पाहिला होता," मी म्हटलं.

"पाह्यला होता?"

मी मान हलवली.

ती उठली. राखीच्या हातातून कागद घेतला, आला होता तसाच प्लास्टिकमध्ये गुंडाळला आणि गाठीत बांधला. "चाल, राखी."

राखी पायरीवरून मागे वळली. "बाई, माह्यं वाचन बरोबर झालं का?"

"बरोबर झालं," मी म्हटलं. "एकही चूक नाही."

त्या गेल्या. मुलं लवकर सोडून दिली. भगवानराव आतून सगळं ऐकत होते. बाहेर येऊन पिशवी उचलून बघितली आणि म्हणाले, "पत्र देलं अन् शेंगा घेतल्या. सौदा बरा हाय."

खोटं कशाला सांगू, मला आधी पश्चात्ताप झाला नाही. आधी हेवाच वाटला, पहिल्यापेक्षा जास्त. ती ओरडली नाही, रडली नाही, पोरांसमोर मला एक शब्द टाकून बोलली नाही. मुलं आता घरी जाऊन सांगतील आणि त्या सांगण्यात बसंतीबाई ताठ उठून गेलेली असेल आणि मी बसलेली. ते मी मनात पुन्हा पुन्हा बघत होते. शेंगा सोलायला घेतल्या तेव्हा कुठे ध्यानात आलं, की तिनं त्या इतक्या निवडून आणल्या होत्या की एकही किडकी नव्हती.

रविवारी चार वाजता राखी आली नाही. मी साडेचारपर्यंत तिची वाट पाहिली. मग मुलांना निकिताकडे सोपवून भगवानरावांना म्हटलं, स्कूटर काढा.

"कुठं?"

"तांड्यावर. पोर गैरहजर आहे."

किल्ली त्यांच्या हातातच होती.

बसंतीबाई तांड्यालगतच्या वावरात शेवटची वेचणी करत होती. कमरेला वेचलेला कापूस ठेवायचा ओटा बांधलेला, राखी बांधावर बसलेली. मी बांधावरून आत गेले. माझ्या साडीला पऱ्हाटीची बोंडं लागत होती.

"पत्र वापस घ्याले आली मी," मी म्हटलं. घरी मी सहसा अशी बोलत नाही, पण तिथे ते तसंच निघालं.

ती कापूस ओढत राहिली. "थे तं साऱ्या तांड्यात वाचून झालं. राखीनं तीन डाव वाचून दाखोलं. उत्तमसिंग नायक म्हने, पोरगी लय साफ वाचते."

"चुकलं माझं, बसंतीबाई."

"मले सांगाचं होतं तुमी," ती म्हणाली. आता ती माझ्याकडे बघत होती. "बसंती, तिकीट मले पाह्यजे, तू मंधात येऊ नको. एवढं म्हनलं असतं तं मी घरी बसली असती. तुमी मले सही शिकवली. मी काय तुमच्या मंधात आली असती?" ओट्यातला कापूस तिनं खाली दाबला. "पन आता नाही बसत. आता मले पाह्यजे."

मला ते फार लागलं, आणि ते योग्यही होतं. मी म्हटलं, "उद्या बैठक आहे. मी सांगायला आले आहे. बैठकीत मी पत्र मागे घेते."

"बैठकीत साऱ्या शिकलेल्या बाया. तांड्यात जे वाचलं, त्याचं काय? कागदावर द्या. जसं थे देल्लं तसंच. काहून झालं थे बी लिहा. राखी वाचन."

तांड्याच्या नायकाच्या घरापुढे लिंबाखाली बाज होती, तिच्यावर बसून मी लिहिलं. राखीच्याच वहीचं पान. उत्तमसिंग नायक, चार-पाच म्हाताऱ्या आणि बरीच पोरं जमली. राखीनं पान घेतलं आणि उभी राहून वाचलं. "आपल्याला बैठकीची सूचना पोचली नाही, त्यामुळे आपण गैरहजर राहिलात. म्हणून मागील पत्र रद्द करण्यात येत आहे."

"पोचली नाही का देल्ली नाही?" बसंतीबाईनं विचारलं.

भगवानराव लिंबाकडे वर बघू लागले. मी राखीकडून पान मागून घेतलं. 'सूचना पोचली नाही' हे खोडलं आणि वर लिहिलं, 'सूचना मी मुद्दाम दिली नाही.' खाली सही केली. राखीनं ते परत पहिल्यापासून वाचलं, 'मुद्दाम' या शब्दावर जराही न अडता. मग दोन्ही कागद शेजारी धरून म्हणाली, "दोन्हीवर सही सारखीच हाय."

एक म्हातारी त्यांच्या गोरबोलीत काहीतरी म्हणाली आणि सगळे हसले. मी अर्थ विचारला नाही. बसंतीबाईही हसली होती.

सोमवारी बैठक विजयमालाच्या घरी होती. अकराही जणी हजर. मी रजिस्टरमध्ये तेच कारण लिहिलं आणि वाचून दाखवलं. विजयमाला म्हणाली, "ताई, तुमी तं सांगतलं म्हनलं होतं."

"खोटं सांगितलं होतं."

 कोणीतरी पंखा वाढवला, जानेवारीत. मग जिल्हा परिषदेची यादी करायची होती. दोन नावं पाठवायची, कोणतं वर लिहायचं ते अध्यक्षाचं काम. अध्यक्षाचं स्वतःचं नाव असेल तर ते वर जातं, अशी रीत आहे, आणि त्या दिवशीही एक-दोघी तसं म्हणाल्या. मी पहिल्या ओळीवर पेन ठेवलं. माझं नाव लिहायला हात इतका तयार होता, की 'वि' काढलाही गेला. तो खोडून मी बसंतीबाई आडे लिहिलं आणि दुसऱ्या ओळीवर स्वतःला. खाडाखोड झालेली यादीच जिल्ह्याला गेली. तिकीट कोणाला ते तिथे ठरेल. बसंतीबाईला मिळालं तर मी तिच्यासाठी घरोघर फिरेन, असं मी सगळ्यांसमोर म्हटलं. ते म्हणताना माझा घसा कोरडा पडला होता, हे मला माहीत आहे. बसंतीबाईलाही कळलं असावं, कारण पाण्याचा गिलास तिनंच पुढे केला.

शेवटी रजिस्टर सह्यांसाठी फिरलं. बसंतीबाईनं ते मांडीवर घेतलं आणि सही करायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. माझ्याकडे आलं तेव्हा मी पाहिलं. 'बसंतीबाई' होतं, तोच पिशवीसारखा 'ब', माझ्या पाटीवरचा. पण त्याच्यापुढे आणखी दोन अक्षरं होती. आडे.

"हे कधी शिकलीस?" मी विचारलं.

"राखीनं शिकवलं काल. म्हने, दादी, निसतं नाव काय, आडनाव बी पाह्यजे." ती फार खूश होती. "चांगलं हाय ना, बाई?"

"चांगलं आहे," मी म्हटलं आणि रजिस्टर माझ्यापुढे जरा जास्तच वेळ उघडं ठेवलं. सहा वर्षांत तिला आडनाव शिकवावं हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आणि आता ते कोणी दुसरीनंच शिकवलं होतं, सात वर्षांच्या पोरीनं. 'डे'वरची मात्रा तिरपी होती.

शनिवारी राखी वर्गात आली. तिच्या पाटीवर मी सगळ्यात आधी मात्रा काढायला दिली, वीस वेळा, सरळ येईपर्यंत.